हाताने घडविलेला दगड

दगड म्हटला की कठीण, जड आणि कोरडा पदार्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. निष्ठुर माणसाला आपण 'दगडाच्या काळजाचा' म्हणतो आणि दगडाला कधी पाझर फुटायचा नाही, असेही मानतो. परंतु निसर्गात असेही काही दगड आहेत, की जे पाणी पितात, ते जपून ठेवतात आणि लहानशा रोपट्याच्या मुळांना घोटघोट पाजतात. टूफा हा त्यांपैकीच एक होय. या दगडाची नक्कल करून फुलझाडांसाठी घरच्या घरी कुंड्या बनविण्याची एक युक्ती बागकाम करणाऱ्यांनी शोधून काढली. त्या कृत्रिम दगडाला 'हायपरटूफा' असे नाव मिळाले. हा दगड कसा घडतो आणि तो घडविताना काय सांभाळावे लागते, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम मूळ टूफा कसा तयार होतो ते पाहू. पावसाचे पाणी हवेतून आणि जमिनीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड वायू आपल्यात सामावून घेते. त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीच्या डोंगरातून वाहू लागले म्हणजे वाटेतील चुनखडी हळूहळू विरघळवून ते बरोबर नेते. पुढे हे पाणी झऱ्याच्या रूपाने उघड्यावर आले, की त्यातील वायू हवेत निघून जातो आणि विरघळलेली चुनखडी पाण्यात राहू शकत नाही. ती झऱ्याकाठच्या शेवाळावर, गळून पडलेल्या पानांवर, काटक्यांवर थराथराने बसू लागते. कालांतराने आतील पाने आणि शेवाळ कुजून नाहीसे होते. त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. अशा रीतीने जो सच्छिद्र दगड तयार होतो तोच टूफा. तो वजनाला हलका असतो. खाणीतून नुकताच काढलेला ओलसर टूफा तर करवतीने कापतासुद्धा येतो. कोकणातील जांभा दगड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अशा सच्छिद्र दगडाची कल्पना सहज येईल. मात्र दोघांची जात वेगळी आहे. जांभ्यात लोहाचा अंश भरपूर असतो, म्हणून तो तांबडा दिसतो. टूफा हा चुन्याचा, म्हणून तो बहुधा पांढुरका किंवा फिकट करडा असतो.

अशा दगडाची गरज कोणाला पडली? यासाठी आपल्याला युरोपातील आल्प्स पर्वतावर गेले पाहिजे. या पर्वतावर एका विशिष्ट उंचीच्या पलीकडे वृक्ष वाढत नाहीत. तेथे वारा झोंबरा असतो, हिवाळ्यात सर्वत्र बर्फ पसरलेले असते आणि माती म्हणावी तर खडकांच्या फटींत साठलेली मूठभर. तरीही तेथे सुंदर फुलझाडे वाढतात. ती बोटभर उंचीची असतात आणि जमिनीला उशीसारखी बिलगून राहतात. वरून ती इवलीशी दिसली, तरी त्यांतील कित्येकांची मुळे फटीफटींतून खोलवर गेलेली असतात. या वनस्पतींमध्ये एका मोठ्या गटाचे नाव सॅक्सिफ्रॅगा असे आहे. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ होतो 'खडक फोडणारी'. आपल्याकडे हिमालयात याच कुळातील एक औषधी वनस्पती आढळते. तिचे नाव आहे पाषाणभेद! दूरदूरच्या दोन भाषांनी एकाच कुळातील वनस्पतींना एकाच अर्थाची नावे दिली, हा मोठा मौजेचा योग म्हटला पाहिजे.

ही पर्वतावरची फुलझाडे इंग्लंडमधील हौशी लोकांनी आपल्या बागांत आणून लावली. परंतु एक अडचण उभी राहिली. आल्प्सची कडाक्याची थंडी सोसणारी ही रोपे इंग्लंडच्या सौम्य हिवाळ्यात मात्र मरू लागली. त्यांना थंडी मारत नव्हती. मारत होती ती ओल. पर्वतावर बर्फाच्या पांघरुणाखाली त्यांचा हिवाळा कोरडा जातो आणि बर्फ वितळले, की पाणी खडकांतून भराभर निघून जाते. इंग्लंडमध्ये हिवाळाभर पावसाची रिपरिप चाले, बागेतील माती पाण्याने चिंब होऊन राही आणि त्या चिखलात मुळे गुदमरून कुजत. माणसाला जसा श्वास लागतो, तसाच मुळांनाही लागतो, ही गोष्ट या रोपांनी आपल्या प्राणांचे मोल देऊन पटवून दिली.

यावर एक चांगला उपाय निघाला. आपल्या खेड्यांत विहिरीजवळ गुरांना पाणी पाजण्यासाठी दगडी डोणी असते. इंग्लंडमधील शेतवाड्यांवरही गुरांच्या पाण्यासाठी आणि खाण्यासाठी अखंड दगडातून कोरलेल्या अशा डोण्या असत. काळ बदलला, तशा त्या अडगळीत पडल्या. 1920 नंतरच्या दशकात क्लॅरन्स इलियट या रोपवाटिका चालविणाऱ्या गृहस्थांनी या जुन्या डोण्यांत पर्वतीय रोपे लावण्याची पद्धत लोकप्रिय केली. डोणी जमिनीपासून उंच ठेवता येई. तळाला भोक पाडले, की पाणी साचत नसे. खडे आणि वाळू मिसळलेली माती भरली, की त्यात पर्वताची एक लहानशी प्रतिकृतीच उभी राही. 1929 मध्ये तेथे 'आल्पाइन गार्डन सोसायटी' ही संस्थाही स्थापन झाली आणि हा छंद वाढत गेला. छंद वाढला, तशी डोण्यांना मागणी वाढली. पण जुन्या डोण्या होत्या तेवढ्याच होत्या. त्या दुर्मीळ झाल्या आणि महाग झाल्या. शिवाय त्या इतक्या जड, की एक डोणी हलवायची तर चार माणसांना घाम फुटावा. तेव्हा बागकाम करणाऱ्यांच्या मनात विचार आला : दगड मिळत नसेल, तर तो आपणच का घडवू नये?

दगड घडविण्याचे मुख्य साधन त्यांच्या हाताशी होतेच. 1824 मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने एका नव्या सिमेंटचे एकस्व मिळविले होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड नावाच्या ठिकाणी बांधकामाचा उत्तम दगड मिळतो. आपले सिमेंट घट्ट झाल्यावर त्या दगडासारखे दिसते, म्हणून अ‍ॅस्पडिनने त्याला 'पोर्टलंड सिमेंट' असे नाव दिले. आज आपल्या घरांच्या बांधकामाला वापरतात त्या सिमेंटलाही हेच नाव आहे. परंतु नुसते सिमेंट आणि वाळू यांची कुंडी केली, तर ती जड होते आणि तिची भिंत मूळ टूफासारखी पाणी पीत नाही. म्हणून बागकाम करणाऱ्यांनी त्या मिश्रणात तिसरा पदार्थ घातला. तो म्हणजे पीट. पाणथळ दलदलीत शेवाळवर्गीय वनस्पती वर्षानुवर्षे थरांवर थर साचून अर्धवट कुजतात, त्यांपासून हा तपकिरी, भुसभुशीत पदार्थ बनतो. टूफा घडविताना निसर्ग शेवाळाच्या जागी पोकळ्या ठेवतो. माणसानेही आपल्या दगडात तेच केले. फरक इतकाच, की निसर्गाचे शेवाळ झऱ्याकाठी वाढते आणि माणसाने आपले शेवाळ घमेल्यात कालवले.

पीटचा हा उपयोग सोयीचा खरा, पण त्याची एक दुसरी बाजू पुढे लक्षात आली. दलदलीत पीटचा थर वर्षाला सुमारे 1 मिलिमीटर एवढाच वाढतो. म्हणजे हातभर खोल खणलेले पीट पुन्हा साचायला काही शतके जावी लागतात. शिवाय या दलदलींनी फार मोठ्या प्रमाणावर कार्बन आपल्या पोटात धरून ठेवलेला असतो. पृथ्वीच्या भूभागापैकी त्यांनी व्यापलेला भाग केवळ 3 टक्क्यांच्या आसपास आहे. पण जगातील सर्व अरण्यांच्या झाडाझुडपांत जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक त्यांच्यात साठलेला आहे. दलदल कोरडी करून पीट काढले, की तो कार्बन वायुरूपाने हवेत मिसळतो आणि पृथ्वीची उष्णता वाढविण्यास हातभार लावतो. एका लहानशा रोपाला घर मिळावे, म्हणून एवढी जुनी ठेव मोडणे शहाणपणाचे नव्हे. यामुळे अनेक जण आता पीटऐवजी दुसरा पदार्थ वापरतात. तो पदार्थ नारळाच्या झाडापासून मिळतो. नारळाच्या सोडणातून काथ्या काढून घेतला, म्हणजे मागे तांबूस भुसा उरतो. पूर्वी या भुशाचे ढीग तसेच पडून राहत. आता तो धुऊन, दाबून, त्याच्या विटा करून विकतात. बाजारात त्याला कोकोपीट म्हणतात. जेथे नारळ पिकतो आणि काथ्याचा धंदा चालतो, तेथे तो विपुल मिळतो. आपल्या कोकणकिनाऱ्यावरील मुलांना तर हा भुसा अपरिचित नसेल.

आता तीन पदार्थ झाले : सिमेंट, वाळू आणि भुसा. यांतील प्रत्येकाचे काम वेगळे आहे. सिमेंट सर्वांना बांधून ठेवते. वाळू मिश्रणाला अंग देते आणि सिमेंट आकसताना पडणाऱ्या चिरांना आळा घालते. भुसा पाणी धरतो, वजन कमी करतो आणि दगडाला छिद्रे देतो. येथेच खरी मेख आहे. सिमेंट वाढविले, तर कुंडी बळकट होते. पण ती जड होते आणि तिची छिद्रे बुजतात. भुसा वाढविला, तर कुंडी हलकी आणि सच्छिद्र होते. पण ती ठिसूळ होऊन हाताने उचलताच तिचे कोपरे झडू लागतात. बळकटी आणि सच्छिद्रता या दोन गुणांचे परस्परांशी पटत नाही. कुंडी बनविणाऱ्याला दोघांनाही थोडे थोडे मागे सरायला लावून त्यांचा समेट घडवून आणावा लागतो. पुष्कळांच्या अनुभवाने ठरलेले एक प्रमाण असे आहे : मापाने सिमेंट 1 भाग, वाळू 1 भाग आणि भुसा 2 भाग. पहिली कुंडी करणाऱ्याने हेच प्रमाण घ्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी थोडे गणित करावे लागते. समजा, कुंडी बाहेरून 30 सेंटिमीटर लांब, 24 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच हवी आहे. तिच्या भिंती आणि तळ 4 सेंटिमीटर जाड ठेवायचा आहे. बाहेरील आकाराचे घनफळ 30 × 24 × 15, म्हणजे 10,800 घनसेंटिमीटर. आतील पोकळी 22 सेंटिमीटर लांब, 16 सेंटिमीटर रुंद आणि 11 सेंटिमीटर खोल. तिचे घनफळ 3,872 घनसेंटिमीटर. वजाबाकी केली, की 6,928 घनसेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ 7 लिटर घट्ट मिश्रण लागेल, हे कळते. परंतु भुसा हा फुगीर पदार्थ आहे. दाबला, की तो बसतो. वाळूच्या कणांमधील जागेत सिमेंट शिरते, त्यामुळेही माप घटते. म्हणून सुटे पदार्थ मिळून 12 लिटरपर्यंत घ्यावेत. 1 लिटरचे भांडे माप म्हणून घेतले, तर 3 भांडी सिमेंट, 3 भांडी वाळू आणि 6 भांडी भुसा, असा हिशेब होतो.

त्यानंतर साचा तयार करावा. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची दोन खोकी पुरतात. मोठे खोके कुंडीच्या बाहेरील मापाचे आणि लहान खोके आतील पोकळीच्या मापाचे असावे. दोन्ही खोक्यांना प्लॅस्टिकच्या कागदाचे अस्तर द्यावे, म्हणजे पुठ्ठा भिजून मऊ पडत नाही आणि मिश्रण त्याला चिकटत नाही. लहान खोक्याचे अस्तर मिश्रणाकडील, म्हणजे बाहेरील बाजूने लावावे. मोठ्या खोक्याला बाहेरून दोरीचे दोन वेढे घट्ट बांधावेत. नाहीतर ओल्या मिश्रणाच्या दाबाने त्याच्या बाजू फुगतात. कुंडीच्या तळाला पाणी जाण्यासाठी भोके हवीत. ती मागाहून पाडू गेल्यास तळ तडकण्याचा धोका असतो. म्हणून अंगठ्याएवढ्या जाडीच्या बांबूचे 4 सेंटिमीटर उंचीचे चार तुकडे तेल लावून मोठ्या खोक्याच्या तळाशी उभे करावेत. हे तुकडे दुहेरी काम करतात. त्यांच्या जागी भोके राहतात आणि लहान खोके त्यांच्यावर ठेवले, की तळाची जाडी आपोआप बरोबर येते.

सिमेंट हाताळताना सावधगिरी हवी. सिमेंटची धूळ फुप्फुसांना अपायकारक आहे आणि ओले सिमेंट त्वचेला भाजते. ते आगीसारखे तत्काळ भाजत नाही, म्हणून अधिक फसवे असते. काम चालू असताना काहीच जाणवत नाही आणि संध्याकाळी हाताची कातडी सोलवटलेली दिसते. यासाठी हे काम वडीलधाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. सिमेंटचे पोते उघडणे आणि कोरडे मिश्रण ढवळणे ही कामे तर त्यांच्यावरच सोपवावीत. हातांत रबरी हातमोजे, नाकातोंडावर धूळ अडविणारा मुखपट आणि डोळ्यांवर चष्मा असावा. जागा मोकळ्या हवेची असावी. त्वचेवर सिमेंट उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास पाण्याने धूत राहून डॉक्टरांकडे जावे.

भुसा आदल्या दिवशी दोन-तीन पाण्यांत धुऊन, निथळून ठेवावा. नारळाच्या भुशात क्षार असतात. शिवाय त्यातील काही अंश सिमेंटच्या घट्ट होण्याच्या क्रियेला अडथळा आणतात. धुतल्याने हे दोन्ही दोष पुष्कळसे जातात. भुशातील गाठी हाताने फोडाव्यात आणि लांब धागे वेचून टाकावेत. समुद्रकाठची वाळू खारट असते. ती वापरू नये. घमेल्यात आधी सिमेंट आणि वाळू कोरडीच एकजीव करावी, नंतर ओलसर भुसा मिसळावा आणि मग पाणी थोडे थोडे शिंपडत कालवावे. पाणी किती घालावे, याचे माप सांगता येत नाही, कारण भुशात आधीच किती ओल आहे यावर ते अवलंबून असते. पण परीक्षा सोपी आहे. मिश्रण मुठीत घेऊन दाबावे. त्याचा लाडू वळला गेला आणि बोटांच्या फटींतून पाण्याचे दोन-चार थेंबच आले, तर पाणी बरोबर झाले. लाडू फुटला तर पाणी कमी, धार लागली तर जास्त. पाणी जास्त झाल्यास मिश्रण भरायला सोपे जाते, म्हणून हात तिकडे वळतो. पण सिमेंटला नको असलेले पाणी मागाहून उडून जाते आणि त्याच्या जागी कच्चे पोकळ मार्ग ठेवून जाते. अशी कुंडी कमजोर होते.

कालविलेले मिश्रण तासाभराच्या आत वापरावे. प्रथम तळाशी बांबूच्या तुकड्यांच्या उंचीएवढा थर घालून लाकडी दांडक्याने ठोकून बसवावा. त्यावर लहान खोके मधोमध ठेवून त्यात वाळू भरावी, म्हणजे त्याच्या बाजू आत दबणार नाहीत. मग दोन खोक्यांमधील जागेत मिश्रण थोडे थोडे घालून ठोकत जावे. कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. हवा कोंडून राहिली, तर तेथे भगदाड पडते. काठापर्यंत भरल्यावर वरची बाजू थापीने सारखी करावी आणि सर्व साचा प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून सावलीत ठेवावा.

आता हाताचे काम थांबते आणि पाण्याचे काम सुरू होते. सिमेंट वाळून घट्ट होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. चिखल वाळून घट्ट होतो आणि पाणी घातले, की पुन्हा चिखल होतो. सिमेंटचे तसे नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावते आणि त्या संयोगातून सूक्ष्म स्फटिकांचे व लुकणासारख्या पदार्थाचे जाळे विणले जाते. वाळूचे कण त्या जाळ्यात अडकून बसतात. म्हणजे सिमेंट घट्ट होते ते पाणी गमावल्याने नव्हे, तर पाणी पचविल्याने. नव्या बांधकामावर गवंडी दिवसेंदिवस पाणी मारतात, खांबांना ओले गोणपाट गुंडाळतात, नव्या छतावर मातीची आळी करून पाणी साठवून ठेवतात, ते यासाठीच. पाणी अर्ध्यातच उडून गेले, तर जाळे अर्धे विणलेलेच राहते. मग कितीही वाट पाहिली, तरी कोरडेपणी ते पुरे होत नाही.

साधारणपणे दीड-दोन दिवसांनी साचा उघडता येतो. भुशामुळे कधी त्याहून अधिक वेळ लागतो. नखाने ओरखडा उमटला, पण बोट रुतले नाही, तर वेळ योग्य समजावी. दोरी सोडून पुठ्ठा अलगद सोलावा. आतील वाळू काढून लहान खोकेही बाहेर घ्यावे आणि बांबूचे तुकडे हळूच ठोकून सोडवावेत. या अवस्थेत कुंडी दिसायला पुरी झालेली असते, पण तिच्यात बळ आलेले नसते. काठाला धरून उचलल्यास ती मोडते. म्हणून तळाखाली फळी सरकवूनच ती हलवावी. याच वेळी तारेच्या ब्रशाने तिच्या भिंती घासून, कडा आणि कोपरे गोलसर करून घ्यावेत. प्लॅस्टिकचा गुळगुळीतपणा निघून जातो, आतील दाणेदार पोत उघडा पडतो आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघालेली वस्तू जुन्या दगडी डोणीसारखी दिसू लागते.

हे झाल्यावर कुंडीवर पाणी शिंपडून ती पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी आणि सावलीत ठेवावी. दर दोन-तीन दिवसांनी उघडून पाणी शिंपडावे. असे 28 दिवस करावे. बांधकामशास्त्रातही सिमेंट-काँक्रीटची बळकटी मोजण्यासाठी 28 दिवसांचीच मुदत धरतात. पुष्कळ कुंड्या बिघडतात त्या याच काळात, आणि बहुधा घाईने बिघडतात. कोणी कुंडी लवकर वाळावी म्हणून उन्हात ठेवतो, तेव्हा बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि भिंतीला चीर जाते. कोणी आठवड्यातच माती भरतो आणि ओल्या मातीच्या भाराने तळ सुटून येतो.

28 दिवसांनंतरही एक काम उरतेच. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून थोडा चुनाही मोकळा होतो. तो कुंडीच्या छिद्रांत राहतो आणि पाण्यात उतरतो. अशा तीव्र अल्कधर्मी पाण्यात रोपांच्या कोवळ्या मुळांचा निभाव लागत नाही. म्हणून कुंडीच्या भोकांना बुचे मारून तीत पाणी भरावे आणि रोज ते बदलावे. चुना संपला की नाही, हे घरच्या हळदीने पाहता येते. हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांना लावावी आणि त्या वाळवाव्यात. हळद चुन्याच्या संगतीत तांबडी होते, हे आपल्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हळदीपासून कुंकू बनविण्याची जुनी रीत यावरच आधारलेली आहे. एक पट्टी साध्या पाण्यात आणि दुसरी दिवसभर कुंडीत राहिलेल्या पाण्यात बुडवावी. दुसरी तांबूस झाली, तर चुना अजून उतरत आहे असे समजावे आणि पाणी बदलणे चालू ठेवावे. दोन्ही पट्ट्या सारख्याच पिवळ्या राहिल्या, म्हणजे कुंडी रोपासाठी तयार झाली.

कुंडी तयार झाल्यावर तीत काय लावावे? आल्प्सची रोपे आपल्या मैदानी उन्हाळ्यात तग धरणार नाहीत. तो हट्ट धरू नये. परंतु कमी मातीत, कमी पाण्यावर जगणाऱ्या वनस्पती आपल्याकडेही पुष्कळ आहेत. कोरफड, पानफुटी, चिनी गुलाब, लहान जातीचे निवडुंग ही सर्व अशा कुंडीत सुखाने राहतात. तळाच्या भोकांवर खापरीचे तुकडे उपडे ठेवावेत आणि माती, जाड वाळू व कुजलेले खत यांचे मिश्रण भरावे. कुंडी जमिनीवर सपाट न ठेवता दोन विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी खालून निघून जाते. ज्या ओलीने इंग्लंडमधील रोपांचा घात केला, ती आपल्या पावसाळ्यातही टपलेली असते.

एवढे सगळे झाले, तरी कुंडीची घडण थांबत नाही. तिच्या भिंतीत मागे राहिलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू शोषून घेतो आणि त्याचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेटमध्ये होते. कधी कधी भिंतीवर पांढरट झाक येते ती यामुळेच. हे कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे झऱ्याच्या पाण्यातून शेवाळावर बसणारा, मूळ टूफा घडविणारा तोच पदार्थ होय. पोटातील भुसाही सावकाश कुजत जातो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. एक-दोन पावसाळे गेले, की सावलीकडच्या भिंतीवर हिरवे शेवाळ धरते. घमेल्यात कालविलेला दगड अशा रीतीने वर्षावर्षाने खऱ्या दगडाच्या अधिकाधिक जवळ जातो. माणूस प्रमाण ठरवू शकतो, साचा करू शकतो, ठोकून बसवू शकतो. पण दगडाला दगडपण येण्यासाठी लागणारा वेळ त्याला द्यावाच लागतो. तो ज्याने दिला, त्याच्या कुंडीत रोपाची मुळे निर्धास्तपणे श्वास घेतात.